नाकापुरती हवा

व्हिनेग्रेट ही आगपेटीच्या निम्म्या आकाराची, बिजागरीच्या झाकणाची चांदीची डबी असते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडमधली सभ्य माणसे, विशेषतः स्त्रिया, ती हातपिशवीत, कमरेच्या साखळीला किंवा गळ्यात बाळगत. झाकण उघडले की आत सोन्याचा मुलामा दिसतो आणि नक्षीदार जाळीचे दुसरे झाकण लागते. जाळी उचलली की खाली सुगंधी व्हिनेगरात भिजवलेला इवलासा स्पंज. वापरायची रीत सोपी. दुर्गंधी आली की डबी उघडायची, नाकाखाली धरायची, हुंगायची आणि मिटायची. दुर्गंधी जागच्या जागी राहते, ती करणारे जागच्या जागी राहतात, गटार आपल्या गतीने वाहत राहते; फक्त डबीवाल्या नाकापुरता तिचा अंमल काही क्षण स्थगित होतो. एवढ्याशा कामाला दोन झाकणे, दोन बिजागऱ्या, दोन मौल्यवान धातू आणि पाच शिक्के लागत.

बघणाऱ्याला ही चैन वाटली, तरी बाळगणाऱ्याच्या हिशेबी ते औषध होते. ग्रीक वैद्यांपासून युरोपात एक समजूत चालत आली होती. रोग खराब हवेतून येतो, आणि हवा खराब आहे हे तिच्या वासावरून कळते. या शास्त्राची मोठी सोय अशी, की त्याला उपकरण लागत नाही. प्रत्येकाच्या तोंडावर ते जन्मतःच बसवलेले असते. रोग नाकाच्या वाटेने येतो हे एकदा ठरले, की नाकावर नाका बसवला की काम भागले. आत येणाऱ्या हवेने थोडे व्हिनेगर जकात म्हणून भरावे आणि पुढे जावे.

डबीचे पूर्वज फळांच्या कुळातले. मध्ययुगातले श्रीमंत लोक ‘पोमँडर’ नावाचे सफरचंदाएवढे जाळीदार गोळे बाळगत आणि त्यांत अंबर, कस्तुरी असली द्रव्ये भरत. आठव्या हेन्रीचा प्रधान कार्डिनल वुल्झी याने तर साक्षात संत्रेच धरले होते. त्याच्या पदरी असलेल्या जॉर्ज कॅव्हेंडिशने त्याचे चरित्र लिहिले, त्यात या संत्र्याची नोंद आहे. गर काढून टाकलेले, आत व्हिनेगर आणि औषधी द्रव्ये प्यालेला स्पंज. गर्दीतून जाताना आणि अर्जदारांनी गराडा घातला की वुल्झी ते नाकाशी धरत असे. उद्देश साथीच्या हवेपासून बचाव, असे कॅव्हेंडिश सांगतो. अर्जदारांना काय वाटे, ते सांगत नाही. पण आपण गाऱ्हाणे मांडत असताना साहेब तोंडासमोर संत्रे हुंगू लागला, तर निकालाचा अंदाज यायला हरकत नसावी. अर्जदार आणि अधिकारी यांच्यामध्ये काहीतरी ठेवण्याची ही पद्धत पुढे काउंटर, खिडकी आणि जेवणाची सुट्टी अशी विकसित होत गेली.

अठराव्या शतकात डॉक्टरांनी हीच युक्ती काठीच्या मुठीत भरली. मूठ पोकळ, तिला बारीक छिद्रे, आत सुगंधी द्रव्य. रोग्याच्या उशाशी उभा राहिलेला डॉक्टर मूठ नाकाला टेकवून डोळे किंचित मिटी. रोग्याला वाटे, निदान चालले आहे.

नाकावरचा हा विश्वास सर्वात पक्का झाला तो लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात, आणि तोही भलत्याच कारणाने. शेजारीच न्यूगेटचा तुरुंग होता. १७५० साली तिथून सुनावणीला आणलेल्या कैद्यांबरोबर तुरुंगी ताप न्यायालयात आला आणि त्यात लंडनचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश आणि इतर अनेकजण दगावले. एरवी आरोपी न्यायाधीशाच्या हातून मरत. उलटा प्रकार घडल्यावर मात्र यंत्रणा खडबडून जागी झाली. न्यायालयात सुगंधी वनस्पती पसरण्यात येऊ लागल्या आणि न्यायाधीशांच्या हाती फुलांचे गुच्छ आले. हा ताप म्हणजे टायफस, आणि तो अंगावरच्या उवा पसरवतात, हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले १९०९ मध्ये. तोवर दीडशेहून अधिक वर्षे न्यायाधीश फुले हुंगत होते आणि उवा सदऱ्यातून निवांत ये-जा करत होत्या. उन्हाळ्यातल्या काही ठरावीक दिवशी ओल्ड बेलीचे न्यायाधीश आजही गुच्छ हातात घेतात. कारण गेले तरी परंपरेला सेवानिवृत्तीचे वय नसते.

डबीत जे द्रव जाई ते स्वयंपाकघरातले व्हिनेगर नव्हे. तीव्र ॲसिटिक आम्लात कापूर, लवंग, दालचिनी, लव्हेंडर, रोझमेरी यांची तेले मिसळलेली असत, म्हणजे मसाल्याच्या डब्यातली निम्मी आणि देवघरातली उरलेली मंडळी एकत्र. अशा व्हिनेगरची थोरवी सांगणारी एक फ्रेंच दंतकथा युरोपभर प्रसिद्ध होती. प्लेगमध्ये मेलेल्यांची घरे लुटणारे चार चोर पकडले गेले, त्यांना प्लेग का झाला नाही असे विचारल्यावर त्यांनी आपल्या व्हिनेगरची कृती सांगितली आणि शिक्षेत सूट मिळवली. ही घटना कोणी मार्सेयला घडवतो, कोणी तुलूझला. औषध चोरांनी सांगितलेले आणि तेही सुटकेसाठी, याने त्याच्या खपावर काही परिणाम झाला नाही.

इंग्लंडमध्ये चोरांची जागा औषधविक्रेत्यांनी घेतली. मँचेस्टरच्या टॉमस हेन्री यांचे सुगंधी व्हिनेगर विशेष नावाजलेले होते. हेन्री हा गृहस्थ साधा दुकानदार नव्हता, चांगला रसायनशास्त्रज्ञ होता. त्यांचा मुलगा विल्यम याने द्रवात वायू किती विरघळतो याचा नियम १८०३ मध्ये मांडला आणि तो शाळकरी मुलांना अजूनही पाठ करावा लागतो. वडिलांनी द्रवातून वाफ बाहेर काढून विकली, मुलाने वायू द्रवात घालून मोजला. घरात विषय एकच होता.

या आम्लामुळेच डबीला आतून सोने लागे. इंग्रजी प्रमाणित चांदीत दर हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकीचे बहुतेक तांबे असते. आम्ल त्या तांब्याला गाठते आणि डबी आतून हिरवी पडते. सोन्याला ते काही करू शकत नाही. आता हा मुलामा चढवायचा कसा? सोने पाऱ्यात कालवून लेप करायचा, तो चांदीवर लावायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जातो, सोने राहते. पारा उडून जातो म्हणजे कारागिराच्या छातीत जातो. मुलामा देणाऱ्यांचे हात कापत, दात हलत आणि डोके ठिकाणावर राहत नसे. म्हणजे बाईसाहेबांच्या नाकापर्यंत घोटभर शुद्ध हवा पोहोचावी म्हणून कोणीतरी बंद खोलीत पाऱ्याची वाफ ओढत होते. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो. त्यामुळे त्या काळच्या शास्त्राप्रमाणे ती खोली निरोगीच ठरायला हवी. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि मग हळूहळू हा प्रकार मागे पडला.

बर्मिंगहॅमचे नाव इथे यायचेच. व्हिनेग्रेट लंडनमध्येही होत, पण त्यांचे खरे माहेर बर्मिंगहॅम. बटणे, बकले, नशीच्या म्हणजे तपकिरीच्या डब्या असल्या चिल्लर वस्तूंवर या गावाने आपले नशीब उभे केले होते. १७९० च्या सुमारास बुटांना बकलाऐवजी नाडी आली, तेव्हा बकलवाल्यांवर इतकी अवकळा आली की त्यांनी थेट युवराजाकडे विनंतीअर्ज नेला. युवराजाने आपल्या पदरच्या लोकांना बकले वापरायला लावली. देशाने ऐकले नाही, नाडी जिंकली. अशा गावाला नव्या चिल्लर वस्तूंची गरज किती असेल, याची कल्पना येते. चांदीचे पातळ पत्रे लाटून, साच्यात ठोकून डब्या भराभर काढता येत. पत्रा इतका पातळ असे की डबीचे वजन चांदीपेक्षा रुबाबाचेच जास्त भरे. सॅम्युएल पेंबर्टन, जोसेफ टेलर, मॅथ्यू लिनवुड, नॅथॅनियल मिल्स ही यातली गाजलेली घराणी.

शिक्क्यांची कथा स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. १७७३ पूर्वी बर्मिंगहॅमला चांदी तपासून शिक्का मारणारी कचेरी नव्हती. माल शंभराहून अधिक किलोमीटरवर चेस्टरला पाठवावा लागे, आणि तो परत येई तेव्हा पोचे पडलेले असत. जेम्स वॉटचा पुढे भागीदार झालेला कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने लंडनला जाऊन संसदेत खटपट केली, लंडनच्या सोनारांचा विरोध मोडला आणि बर्मिंगहॅम व शेफिल्ड या दोन्ही गावांना कचेऱ्या मिळवून दिल्या. बर्मिंगहॅमची खूण ठरली जहाजाचा नांगर. या गावाला समुद्र कुठल्याच बाजूने लागत नाही. सांगतात ते असे, की ही मंडळी लंडनमध्ये ज्या खाणावळीत जमत तिच्या नावात मुकुट आणि नांगर होते. नाणे उडवले गेले, शेफिल्डला मुकुट मिळाला आणि बर्मिंगहॅमला नांगर. गोष्ट खरी असेल-नसेल, पण तिच्याइतके पटण्याजोगे दुसरे कारण कोणी दिलेले नाही.

नांगराखेरीज डबीवर चालता सिंह असे, तो चांदी अस्सल असल्याची ग्वाही देई. एक अक्षर असे, ते तपासणीचे वर्ष सांगे. बनवणाऱ्याची आद्याक्षरे असत. आणि १७८४ ते १८९० या काळातल्या डब्यांवर राजाचे किंवा राणीचे डोके असे. ते भक्तीपोटी नव्हे, कर भरल्याची पावती म्हणून. अमेरिकेतल्या युद्धाने तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला चांदीवर कर बसला. वसाहती गेल्या त्याची वर्गणी अशी वासाच्या डब्यांकडूनही घेण्यात आली. संग्राहक आजही भिंग घेऊन हे पाचही शिक्के शोधतात आणि सापडले की पत्रिका जुळल्यासारखे प्रसन्न होतात.

डबी चौकोनीच असावी असा नियम नव्हता. पुस्तक, शिंपला, अक्रोड, घड्याळ, पैशाची थैली अशा आकारांत ती निघाली. अंग लवणारे चांदीचे मासेही झाले. दुर्गंधीवर उपाय म्हणून मासा निवडणाऱ्या कारागिराच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे, किंवा तो बंदरावर कधी गेला नसावा.

सर्वात प्रसिद्ध आहे ती नेल्सनची डबी. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन पडला आणि मॅथ्यू लिनवुडने त्याच्या स्मरणार्थ डब्या काढल्या. झाकणावर नेल्सनचा चेहरा, आतल्या जाळीत त्याचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज. या डब्यांना आज संग्राहक मागाल ती किंमत मोजतात. यातला योगायोग लिनवुडच्या लक्षात आला की नाही कोण जाणे, पण खुद्द नेल्सनचा देह टिकावा म्हणून ब्रँडीच्या पिंपात घालून इंग्लंडला आणला होता. राष्ट्राच्या या वीराला एका वर्षात ब्रँडीचाही मुक्काम घडला आणि व्हिनेगरचाही.

१८३० नंतर नॅथॅनियल मिल्सच्या कारखान्याने झाकणांवर किल्ले, वाडे आणि मठ उठावात कोरायला सुरुवात केली. विंडसर, वॉरिक, केनिलवर्थ, कवी बायरनचे न्यूस्टेड ॲबी, वॉल्टर स्कॉटचे ॲबट्सफर्ड. स्कॉटच्या कादंबऱ्यांनी लोकांना पडक्या वास्तूंचे वेड लावले होते आणि १८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे पुरी झाल्यावर ते वेड तिकिटाच्या पैशात भागू लागले. किल्ला पाहून यायचे आणि तोच किल्ला खिशात घालून आणायचा. त्या किल्ल्यांत मूळ राहणाऱ्यांच्या काळी भिंतीतून थेट खंदकात उतरणारे संडास असत, हे झाकणावर कोरलेले नसे.

डबीचे दुसरे काम घेरी आलेल्यांना शुद्धीवर आणणे. घेरीचा दोष सरसकट आवळलेल्या कॉर्सेटवर टाकला जातो, पण ते न्यायाचे नाही. व्हिनेग्रेटची फॅशन रंगात आली तेव्हा बायकांचे झगे छातीखालून मोकळे सोडलेले, त्या मानाने बरेच सैल होते. कोंदट खोल्यांचा हात मोठा असावा. १६९६ पासून १८५१ पर्यंत इंग्लंडात खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवण्यासाठी लोक खिडक्या विटांनी बुजवून टाकत. त्यात शेकडो मेणबत्त्या, गर्दी आणि नाच. घेरीचे शास्त्र असे, की मेंदूला रक्त कमी पडले की माणूस कोसळतो, कोसळल्याने आडवा होतो, आडवा झाल्याने रक्त मेंदूपर्यंत पोहोचते आणि तो उठून बसतो. निसर्गाची ही व्यवस्था स्वयंपूर्ण आहे. या दोन घटनांच्या मधल्या वेळात कोणीतरी धावत येऊन नाकाखाली डबी धरी आणि श्रेय घेऊन जाई. डबीचा काहीच उपयोग नव्हता असे मात्र नाही. तीव्र वाफ नाकाच्या आतल्या अस्तराला झोंबते आणि माणूस दचकून श्वास ओढतो. मराठी मुलखात याच कामाला फोडलेला कांदा किंवा पायातली वहाण वापरत. परिणाम तोच, पण वहाणेवर किल्ला कोरलेला नसतो आणि वारसाहक्काने ती कोणी मागत नाही.

तपकिरीच्या डबीशी या डबीची गल्लत करू नये. दोन्ही चांदीच्या, दोन्ही नाकाच्या सेवेतल्या, बऱ्याचदा एकाच कारखान्यातल्या. ओळखायची खूण जाळी. जाळी नसेल तर तपकीर. चुकल्यास शिंकेने कळते.

डबीच्या अंताची सुरुवात ज्याने केली त्यालाही वास आवडत नव्हता. एडविन चॅडविक हा सार्वजनिक आरोग्याचा कडवा प्रचारक. वास हाच रोग, असे त्याने १८४६ मध्ये संसदीय समितीला सांगितले होते. त्याच धोरणाने लंडनचे मैलाखड्डे गटारांतून टेम्स नदीत वाहवण्यात आले. पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या अनेक कंपन्या त्याच नदीतून पाणी उपसत. वास घराबाहेर गेला आणि नळाने परत आला. १८४८-४९ च्या पटकीत लंडनमध्ये सुमारे चौदा हजार माणसे मेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसे रोग पोटातून जात होता आणि पहारा नाकावर होता. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपावर बोट ठेवले आणि त्याचा दांडा काढायला लावला. पुढच्याच वर्षी त्यांनी समितीपुढे हाडे उकळणाऱ्या, चरबी वितळवणाऱ्या धंद्यांची बाजू घेऊन सांगितले, की नुसत्या वासाने साथ येत नाही. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. घाणीच्या वासाचे समर्थन करणारा डॉक्टर कोणालाच सुवासिक वाटेना.

मग १८५८ चा उन्हाळा आला. टेम्स आटली, तापली आणि सडली. संसदेची नवी इमारत नेमकी काठावर. चुन्याच्या क्लोराइडात भिजवलेले पडदे खिडक्यांना लावले. वास बधला नाही. अर्थमंत्री डिझरेली एका हातात कागद आणि नाकाशी रुमाल अशा थाटात समितीच्या दालनातून बाहेर धावले. ज्या प्रश्नावर संसद वर्षानुवर्षे चर्चा करत होती त्यावरचा कायदा त्याच उन्हाळ्यात मंजूर झाला. एका नाकापुरती डबी पुरते, सहाशे-साडेसहाशे नाकांना गटारच लागते. जोसेफ बॅझलजेट यांनी ८२ मैलांची मुख्य गटारे बांधून मैला शहराच्या पूर्वेला दूर नेऊन सोडला. १८६६ च्या पटकीचा तडाखा बसला तो बहुतांशी पूर्व लंडनला, जिथले काम अजून पुरे व्हायचे होते. गंमत म्हणजे हे सारे करणाऱ्यांचा विश्वास वासाच्या शास्त्रावरच होता. शास्त्र चुकीचे, गटार बरोबर.

शहराला वास कमी येऊ लागल्यावर डबीची नोकरी गेली. घेरीसाठी अमोनियाच्या क्षारांच्या काचेच्या बाटल्या आल्या, त्या अधिक झोंबत आणि स्वस्त पडत. जुन्या डब्या आजीकडून नातीकडे गेल्या, नातीने त्यांत टाचण्या ठेवल्या, पणतीने त्या लिलावाला काढल्या.

बाजारात आल्यावर मात्र त्यांना नवी दुखणी जडली. जाळी हरवलेली डबी निम्म्या किमतीचीही राहत नाही, म्हणून दुसरीकडची जाळी बसवली जाते. तपकिरीच्या डबीत जाळी डकवून तिचे धर्मांतर केले जाते. साध्या झाकणावर किल्ल्याचा पत्रा डाक देऊन चढवतात, कारण किल्ल्याने किंमत कितीतरी पटींनी वाढते. जाणकार खरेदीदार म्हणून आधी झाकण, मग तळ, मग जाळी अशा तिन्ही ठिकाणचे शिक्के जुळतात का ते पाहतो, झाकणाच्या आतल्या बाजूवर फुंकर मारून डाकाची रेघ शोधतो आणि सर्वात शेवटी नक्षीचे कौतुक करतो. १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार शिक्के असलेल्या वस्तूत तपासणी कचेरीच्या लेखी संमतीवाचून भर घालणे किंवा फेरफार करणे गुन्हा आहे. त्यामुळे विंडसरचा किल्ला एका झाकणावरून दुसऱ्या झाकणावर हलवायचा झाला, तर आधी अर्ज करावा लागतो.